यादीत नाव कोणाचे

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत २४, अकबर रोड इथे काँग्रेस अध्यक्षपदाची मतमोजणी झाली. राज्याराज्यांतून सीलबंद मतपेट्या आल्या होत्या. मोजणीला हात घालण्यापूर्वी सगळ्या मतपत्रिका एकमेकींत मिसळल्या गेल्या, कारण कोणत्या प्रदेशाने कोणाच्या पारड्यात किती मते टाकली हे कोणालाच कळू द्यायचे नव्हते. ९,३८५ मतपत्रिका निघाल्या. त्यांतल्या ४१६ बाद ठरल्या, शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली आणि मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७. बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातल्या वरवट्टी गावी १९४२ साली एका दलित घरात जन्मलेला आणि १९४८ च्या रझाकारी जाळपोळीत आई व बहीण गमावून वडिलांबरोबर गुलबर्ग्याला आलेला मुलगा ऐंशीव्या वर्षी देशातल्या सर्वांत जुन्या पक्षाचा अध्यक्ष झाला. चोवीस वर्षांनी हे पद नेहरू-गांधी घराण्याबाहेर गेले. सीमाभागाला याचा अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. पण या निवडणुकीचा इतिहास लिहायचा तर मतमोजणीच्या दिवसापासून सुरुवात करून चालत नाही. ज्या नऊ हजारांवर लोकांनी मते टाकली ते मतदार कोणी ठरवले, कधी ठरवले आणि त्यांची नावे कोणाला पाहायला मिळाली, हा खरा प्रश्न आहे. पक्षांतर्गत निवडणुकीचा निकाल मतपेटीत लागण्याच्या कितीतरी आधी प्रतिनिधींच्या यादीत लागलेला असतो. शंभराहून अधिक वर्षांचा पुरावा हेच सांगतो, आणि त्यातले कळीचे प्रसंग मराठी मुलखातच घडलेले आहेत.

पहिला प्रसंग १९०७ चा. त्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला भरायचे होते. पण नागपूरच्या स्वागत समितीत टिळकपक्षाचा जोर होता आणि अध्यक्ष ठरवण्यात स्वागत समितीचा हात मोठा असे. नेमस्तांनी अधिवेशन नागपूरहून उचलून सुरतेला नेले, तिथे रासबिहारी घोष यांचे नाव पुढे आले आणि मंडपात काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. सुरतेची आठवण निघाली की व्यासपीठावर आलेल्या जोड्याची आणि मोडलेल्या खुर्च्यांची गोष्ट सांगितली जाते. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते पुढच्या वर्षी झालेले काम. नेमस्तांनी घटना लिहिली, ध्येयपत्रिकेवर सही केल्याशिवाय कोणाला प्रतिनिधी होता येणार नाही असे ठरवले, आणि प्रतिनिधी निवडण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संस्थांना ठेवला. टिळकांच्या अनुयायांना कोणी काँग्रेसमधून काढून टाकले नाही. प्रतिनिधी निवडणाऱ्या संस्थांच्या यादीतून त्यांच्या संस्था वगळल्या, एवढे पुरेसे झाले. ही दारे १९१५ च्या मुंबई अधिवेशनात घटनादुरुस्ती होऊन किलकिली झाली, आणि तेव्हाच १९१६ ला टिळक लखनौच्या मंडपात परत आले. टिळकांचे लोकांतले वजन या आठ-नऊ वर्षांत कमी झाले नव्हते, उलट मंडालेच्या कारावासाने ते वाढले होते. तरीही काँग्रेसच्या आत त्या वजनाला मोल नव्हते, कारण ते मोजणारा तराजू दुसऱ्याच्या हातात होता.

गांधींनी हे ओळखले होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात जी नवी घटना आली तिने पक्षाला चार आण्यांची सदस्यता दिली, भाषावार प्रांत दिले आणि साधारण पन्नास हजार लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण बांधून दिले. त्याआधी ज्या गावी अधिवेशन भरे तिथल्या आसपासचे लोक वाटेल तितक्या संख्येने प्रतिनिधी म्हणून येत. आता संख्या ठरली, प्रांत ठरला आणि तालुक्यापासून वर चढत जाणारी निवडीची शिडी ठरली. सरकारी नकाशावर कर्नाटक नावाचा प्रांत नव्हता तेव्हा काँग्रेसच्या नकाशावर तो आला. मात्र बीदर आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. संस्थानी प्रजेने सदस्य व्हावे, पण संस्थानच्या अंतर्गत कारभारात काँग्रेसने पडू नये, असे तेव्हाचे धोरण होते. त्यामुळे या भागात ती शिडी उभी राहायला आणखी दोन तपे जावी लागली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ मध्ये उठली. मधल्या काळात राजकीय कार्यकर्त्यांचे शिक्षण महाराष्ट्र परिषद, कर्नाटक परिषद आणि आंध्र महासभा या भाषावार संस्थांत झाले. बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी स्वामी रामानंद तीर्थ आणि बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या गटांत चुरस झाली आणि स्वामीजी निवडून आले. निजामाच्या राज्यात, जिथे विधिमंडळासाठी प्रौढ मताधिकाराची कल्पनाही नव्हती, तिथे मराठी, कानडी आणि तेलुगू भाषक कार्यकर्त्यांनी आपला नेता मताने ठरवला. बीदरसारख्या तिन्ही भाषांच्या जिल्ह्यात तर ही गोष्ट विशेषच होती, आणि आज ती विसरली गेली आहे याची खंत वाटते.

आता दुसऱ्या एका निवडणुकीकडे वळायला हवे, कारण अमेरिकेतल्या राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांबद्दल आपण ऐकतो तेव्हा ती परक्या मुलखाची पद्धत आहे असे धरून चालतो. पण आपल्याकडे प्राथमिक निवडणूक झालेली आहे, कायद्याने झालेली आहे आणि तिचा मसुदा पुण्यात ठरला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात अस्पृश्य वर्गांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या आणि त्यांच्यासाठी दोन टप्प्यांची निवडणूक आली. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचे आणि चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांतून एकाची निवड सर्व मतदारांनी मिळून करायची. उमेदवार चारांपेक्षा जास्त असतील तरच पहिला टप्पा घ्यावा लागे, म्हणून तो सगळीकडे झाला नाही. जिथे झाला तिथला अनुभव डॉ. आंबेडकरांनी पुढे वारंवार मांडला: आपल्या लोकांच्या मतात वरचढ ठरलेला उमेदवार दुसऱ्या टप्प्यात सवर्ण मतांच्या लोंढ्यापुढे पडतो, आणि आपल्या लोकांनी मागे टाकलेला माणूस त्यांचा प्रतिनिधी म्हणून विधिमंडळात जाऊन बसतो. निजामाच्या हद्दीत हा कायदा लागू नव्हता, त्यामुळे बीदर-गुलबर्ग्याच्या दलितांनी ती निवडणूक पाहिली नाही. पण आंबेडकरांच्या तक्रारीचा गाभा इथल्या प्रश्नालाही तितकाच लागू पडतो. निवडणूक झाली की नाही, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. ज्याचा प्रतिनिधी निवडायचा त्याच्या मताला शेवटचा शब्द आहे का, हा मुद्दा होता. खर्गे हे बौद्ध विचारांचे आणि आंबेडकरांना मानणारे नेते आहेत. त्यांच्या निवडीचा कस लावायचा तर आंबेडकरांच्याच कसोटीवर लावणे योग्य, आणि ही कसोटी अवघड आहे.

काँग्रेसमध्ये प्रतिनिधींनी खरोखरच वरच्यांच्या मनाविरुद्ध कौल दिला, असे प्रसंग मोजकेच आहेत. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी गांधींच्या पसंतीच्या पट्टाभि सीतारामय्यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरवले. त्यावर गांधींनी पक्षाच्या सदस्यनोंदीत बोगस नावे फार झाली आहेत असे जाहीरपणे म्हटले, म्हणजे वाद पुन्हा यादीवरच आला. त्रिपुरी अधिवेशनात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला, कार्यकारिणी गांधींच्या इच्छेनुसार नेमावी असे बंधन पडले आणि एप्रिल संपता संपता बोस यांनी राजीनामा दिला. १९५० मध्ये नाशिक अधिवेशनाच्या आधी पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानींना १,०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२ मते पडली. नेहरूंना टंडन नको होते, आणि वर्षभरात तेही पायउतार झाले. या दोन्ही निवडणुका चुरशीच्या झाल्या, कारण प्रांतांतले प्रतिनिधी तेव्हा खालून निवडून आलेले होते आणि प्रांतिक नेत्यांना स्वतःची जागा होती. दोन्ही वेळा विजयी अध्यक्ष टिकला नाही, हेही खरे. त्यातून पक्षाने जो धडा घेतला तो चुकीचा घेतला असे माझे मत आहे. प्रतिनिधींचा कौल मानायला शिकण्याऐवजी तो कौल उमटूच नये अशी व्यवस्था होत गेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर जवळजवळ वीस वर्षे पक्षांतर्गत निवडणुका झाल्या नाहीत. समित्या वरून नेमल्या जाऊ लागल्या आणि हायकमांड हा शब्द आपल्या सगळ्या भाषांत रुळला.

या व्यवस्थेची किंमत कलबुर्गीने, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्याने, फार जवळून मोजली आहे. वीरेंद्र पाटील हे गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिंचोळीचे. १९८९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकात काँग्रेसने २२४ पैकी १७८ जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दंगली उसळल्या होत्या, पाटील आजारी होते, आणि पक्षाध्यक्ष राजीव गांधी यांनी बेंगळुरूच्या विमानतळावर पत्रकारांना सांगितले की मुख्यमंत्री बदलणार. आमदारांची बैठक त्यानंतरची, आधीची नव्हे. इतक्या मोठ्या बहुमताचा नेता विधिमंडळ पक्षाला न विचारता जातो, कारण त्याला नेता करणाऱ्या यादीचे धनी आमदार नव्हते. पाटील ज्या समाजाचे तो लिंगायत समाज त्यानंतर काँग्रेसपासून दुरावत गेला, असे कर्नाटकातले जवळजवळ सगळे राजकीय अभ्यासक मानतात. खर्गे यांची वाटचालही याच चौकटीतली. गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयात शिक्षण, पुढे वकिली, एमएसके मिलच्या कामगारांची बाजू मांडणे, १९६९ मध्ये काँग्रेस प्रवेश आणि शहर काँग्रेसचे अध्यक्षपद, १९७२ मध्ये गुरमिटकलमधून विधानसभा. तिथून सलग आठ वेळा आणि नवव्यांदा २००८ मध्ये चित्तापूरमधून ते निवडून आले. पुढे दोनदा लोकसभा. लोकांनी त्यांना इतक्या वेळा निवडून दिले, तरी १९९९, २००४ आणि २०१३ मध्ये मुख्यमंत्रिपद त्यांच्या हाताशी येऊन दुसऱ्याकडे गेले. २०१९ मध्ये कलबुर्गीच्या मतदारांनी प्रथमच त्यांना हरवले, आणि पक्षाने त्यांना राज्यसभेत घेऊन विरोधी पक्षनेता केले. लोकांची मते आणि पक्षातले स्थान यांचा मेळ बसतोच असे नाही, हे त्यांच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी दिसते.

आता २०२२ च्या यादीकडे. पक्षाच्या घटनेनुसार ब्लॉक काँग्रेस समितीने गुप्त मतदानाने प्रदेश प्रतिनिधी निवडायचा. हे सारे प्रदेश प्रतिनिधी मिळून अध्यक्ष निवडतात, आणि तेव्हाच्या नियमानुसार त्यांच्या सुमारे एक अष्टमांश इतके सदस्य अखिल भारतीय समितीवर जात. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा प्रतिनिधींनी सूचक म्हणून सही द्यावी लागते. कागदावर ही रचना सुरेख आहे. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद इथल्या साध्या सदस्याचे मत एक-दोन पायऱ्यांत थेट दिल्लीच्या पदापर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या सुरुवातीला थरूर, मनीष तिवारी, कार्ती चिदंबरम, प्रद्युत बोर्दोलोई आणि अब्दुल खालिक या पाच खासदारांना निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहून मतदारयादी मागावी लागली. त्यांचे म्हणणे साधे होते: मतदार कोण हे माहीत नसेल तर सूचक कुठून आणायचे आणि प्रचार कोणाकडे करायचा? मिस्त्रींनी उत्तर दिले की इच्छुकांना २० सप्टेंबरपासून त्यांच्या कार्यालयात यादी पाहता येईल. प्रतिनिधींना प्रथमच क्यूआर कोड असलेली ओळखपत्रे दिली गेली, मतदान गुप्त झाले, मतपत्रिका मिसळल्या गेल्या, म्हणजे मतदानाच्या दिवसाची काळजी चांगली घेतली गेली. उत्तर प्रदेशातल्या मतदानाबद्दल थरूर यांच्या बाजूने गंभीर तक्रार झाली, ती फेटाळली गेली. पण ब्लॉक पातळीवर गुप्त मतदान होऊन प्रतिनिधी निवडले गेले, अशी जाहीर नोंद सदस्यांपुढे आली नाही. उलट त्याच महिन्यात एकामागून एक प्रदेश समित्यांनी एका ओळीचे ठराव केले, की प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे सदस्य नेमण्याचा अधिकार आम्ही अध्यक्षांना देत आहोत. ज्यांनी अध्यक्ष निवडायचा त्यांनीच आपला निवडण्याचा हक्क अध्यक्षांच्या पायाशी ठेवला. थरूर यांना वैध मतांपैकी सुमारे १२ टक्के मते पडली. १९९७ मध्ये सीताराम केसरी ६,२२४ मते घेऊन जिंकले तेव्हा शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ पडली होती, आणि पवारांचा वाटाही जवळपास १२ टक्केच निघतो. महाराष्ट्राचा माजी मुख्यमंत्री आणि तिरुवनंतपुरमचा खासदार, पंचवीस वर्षांचे अंतर, पक्षाची अवस्था वेगळी, प्रतिस्पर्धी वेगळे, तरी आव्हानवीराचा वाटा तोच. हा योगायोग मानणे मला कठीण जाते.

सीमाभागातल्या मराठी कार्यकर्त्यासाठी या यादीला आणखी एक पदर आहे. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि संतपूर म्हणजे आजचे औराद म्हैसूर राज्यात राहिले. पक्षाच्या प्रदेश समित्याही त्याच रेषेवर विभागल्या गेल्या. उदगीरच्या ब्लॉकचा प्रतिनिधी मुंबईत मत देतो आणि काही मैलांवरच्या भालकीचा बेंगळुरूत. भालकी-औरादचा मराठी भाषक बेंगळुरूच्या प्रदेश समितीत संख्येने फारच थोडा. त्याचा आवाज तिथे पोहोचायचा तर तो ब्लॉकमधूनच, कारण ब्लॉकमध्ये तो बहुसंख्य किंवा निदान निर्णायक असू शकतो. प्रतिनिधी ब्लॉकने निवडला तर मराठी शाळेचा किंवा मराठीत मिळणाऱ्या सरकारी कागदपत्रांचा प्रश्न त्याला पक्षात मांडावा लागेल, कारण पुन्हा त्याच लोकांपुढे जायचे असते. प्रतिनिधी बेंगळुरूने किंवा दिल्लीने नेमला तर भाषिक अल्पसंख्याकाला पक्षात बोलण्याची एकमेव जागाही जाते. हे फक्त काँग्रेसचे नाही. भाजपच्या अध्यक्षपदासाठी राज्यांच्या संघटनात्मक निवडणुकांची अट आहे, पण स्थापनेपासून आजवर तिथे अध्यक्षपदासाठी मतपेटी ठेवण्याची वेळ आलेली नाही. निदान काँग्रेसने मतपेटी ठेवली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी पडते, पण लोक साधारणपणे ज्या कारणासाठी देतात त्या कारणासाठी नव्हे. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ज्या थोड्या राज्यांत प्राथमिक निवडणुका झाल्या त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. तरी रिपब्लिकन उमेदवारी मिळाली अध्यक्ष टाफ्ट यांनाच, कारण २५४ प्रतिनिधींच्या निवडीवर वाद होता, तो सोडवणारी समिती टाफ्ट यांच्या बाजूची होती आणि तिने २३५ जागा त्यांना दिल्या. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली आणि शिकागोत रस्त्यावर रक्त सांडले. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने जो बदल घडवला त्याचा गाभा मतदान नव्हता, तर प्रतिनिधी कसे निवडायचे याचे लेखी, आधी जाहीर केलेले नियम हा होता. राज्ये कायद्याने प्राथमिक निवडणुका घेऊ लागली, डेमोक्रॅटिक पक्षाने १५ टक्क्यांची पायरी ओलांडणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी द्यायचे ठरवले. पुढे १९८० च्या दशकात पक्षनेत्यांना पदसिद्ध प्रतिनिधी करून त्यांचे वजन परत आणले गेले आणि २०१८ मध्ये पहिल्या फेरीतला त्यांचा मतदानाचा हक्क काढून घेतला गेला. म्हणजे तिथेही भांडण यादीचेच आहे. फरक एवढाच की तिथे ते उघड्यावर, नियमांच्या मजकुरावर होते.

यावर सगळ्यांत सोपा आक्षेप असा की यादी कशीही केली असती तरी खर्गेच जिंकले असते. शक्य आहे, मला तर ते संभवनीयच वाटते. पन्नास वर्षांचे काम, अनेक भाषांत संवाद साधण्याची हातोटी आणि गटबाजीपासून राखलेले अंतर या गोष्टी खऱ्या आहेत. पण मग त्यांना खुल्या यादीची भीती असायचे कारणच नव्हते. ब्लॉकने निवडलेल्या प्रतिनिधींनी दिलेल्या ७,८९७ मतांचे ओझे दिल्लीत कोणालाही बाजूला सारता आले नसते. नेमलेल्या प्रतिनिधींच्या मतांना ते वजन येत नाही, आणि अध्यक्षाच्या मागे दुसरेच कोणी निर्णय घेतो ही कुजबुज पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्या कुजबुजीने अन्याय झाला तो खर्गे यांच्यावरच. दुसरा आक्षेप म्हणतो की पक्ष ही स्वेच्छेची संस्था आहे, तिने आपला नेता कसा निवडावा यात बाहेरच्यांनी पडू नये. कायद्याची स्थिती बऱ्याच अंशी अशीच आहे. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ हे कलम आले, पक्षांच्या नोंदणीला कायद्याचा आधार मिळाला, पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसच्याच एका प्रकरणात सांगितले की नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही. १९९९ मध्ये विधी आयोगाने पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने आणण्याची शिफारस केली होती, ती कागदावर राहिली. मात्र पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी जाते. ज्या संस्थेच्या आदेशाला राज्यघटनेची ताकद मिळाली, तिचे आदेश कोण आणि कोणाच्या मताने काढतो हे विचारण्याचा हक्क मतदाराला पोहोचतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. खुल्या निवडणुकीत पैसेवाला, मोठ्या जातीचा, घराण्याचा माणूस जिंकेल आणि वरून होणाऱ्या नेमणुकीतच दलित, आदिवासी, स्त्रिया यांना जागा मिळेल, असे सांगितले जाते. याला पुरावाही आहे. १९९२ च्या तिरुपती अधिवेशनात बऱ्याच वर्षांनी कार्यकारिणीची निवडणूक झाली, तेव्हा निवडून आलेल्यांत एकही दलित, आदिवासी किंवा स्त्री नव्हती. नरसिंह राव यांनी याच कारणाने निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले आणि पुन्हा नेमणुका केल्या. अर्थात त्या निवडून आलेल्यांत अर्जुन सिंह आणि शरद पवार यांच्यासारखे त्यांचे प्रतिस्पर्धी होते, हेही लक्षात ठेवायला हवे. संजीवय्या आणि जगजीवनराम यांच्यानंतर खर्गे हे दलित समाजातून आलेले अध्यक्ष, आणि खुल्या चढाओढीत हे घडले असते का, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पण यावरचा उपाय निवडणूक टाळणे हा नाही, निवडणुकीच्या आत जागा राखणे हा आहे. त्याच १९९२ मध्ये संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती केली. तेव्हापासून भालकी आणि चित्तापूरच्या ग्रामपंचायतींत दलित आणि स्त्रिया राखीव जागांवरून निवडून येतात, कोणी नेमत नाही. जे ग्रामपंचायतीला जमते ते पक्षाच्या ब्लॉक समितीला न जमण्याचे कारण मला सापडत नाही. शिवाय वरून नेमलेला दलित प्रतिनिधी हा नेमणाऱ्याला बांधील राहतो, ही तर पुणे करारानंतर आंबेडकरांनी केलेलीच तक्रार. आणि घराणेशाही नेमणुकीने थांबते असेही दिसत नाही. २०२४ मध्ये काँग्रेसने कलबुर्गीतून खर्गे यांचे जावई राधाकृष्ण दोड्डमणी यांना आणि बीदरमधून भालकीचे ईश्वर खंड्रे यांचे चिरंजीव सागर यांना उमेदवारी दिली. दोघेही निवडून आले, म्हणजे मतदारांना ते चालले. पण उमेदवारी ठरवताना तिथल्या सदस्यांपुढे दुसरे नाव मताला टाकले गेले नव्हते.

अध्यक्ष झाल्यावर खर्गे यांच्यापुढे दोन संधी आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूर अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी सुकाणू समितीने कार्यकारिणीची निवडणूक न घेता नेमणुकीचा अधिकार अध्यक्षांना देण्याचे ठरवले. त्याच अधिवेशनात कार्यकारिणी ३५ जणांची करून तिच्यात निम्म्या जागा दलित, आदिवासी, मागास, अल्पसंख्याक, स्त्रिया आणि तरुणांसाठी राखल्या गेल्या. राखीव जागा आल्या, तेव्हाच निवडणूक गेली. तिरुपतीचा पेच सोडवणारी किल्ली हातात आली होती, आणि नेमक्या त्याच क्षणी ती वापरली गेली नाही. याचे मला फार वाईट वाटते. तीनच महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, कर्नाटकात काँग्रेस जिंकली. मुख्यमंत्री कोण हे ठरवण्यासाठी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, जितेंद्र सिंह आणि दीपक बाबरिया हे निरीक्षक बेंगळुरूला आले, आमदारांचे गुप्त मतदान घेतले आणि अहवाल घेऊन दिल्लीत खर्गे यांच्याकडे गेले. चार दिवस खलबते चालली आणि सिद्धरामय्यांचे नाव जाहीर झाले. आमदारांनी कोणाला किती मते दिली ते आकडे जाहीर झाले नाहीत. विमानतळावर वीरेंद्र पाटलांची गच्छंती झाली तेव्हापेक्षा ही पद्धत निश्चितच पुढची आहे, आमदारांना निदान विचारले गेले. पण मोजलेले मत जाहीर न करणे म्हणजे ते मत सल्ला म्हणून घेणे होय, निर्णय म्हणून नव्हे.

काँग्रेस अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची आहे, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ च्या ऑक्टोबरच्या सुमारास यायला हवी. तिच्यासाठी घटना बदलण्याची किंवा अमेरिकेतून काही आणण्याची गरज नाही. ब्लॉक समितीचे गुप्त मतदान घटनेत आहेच, ते तारीख लावून घ्यावे, त्यात रायपूरने मान्य केलेले राखीव जागांचे प्रमाण ठेवावे, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींची नावे मतदानाच्या दोन महिने आधी भालकी, औराद, आळंद आणि चित्तापूरच्या पक्ष कार्यालयांच्या भिंतीवर, कानडीबरोबर मराठीतही, लावावीत.